उकिरड्यावर फेकलेली पुडी

आबा, तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नाही, हे आधीच सांगून टाकते. भाऊबंद म्हणाले, बाप गेला तरी डोळा ओला नाही, पोर शिकली आणि दगड झाली. म्हणोत. शिकले म्हणूनच माझा राग इतकी वर्षं टिकला, नाहीतर बाकीच्यांसारखी मीही तुमच्या फोटोला हार घालून मोकळी झाले असते.

एरंडोलजवळच्या आपल्या वावरातली ती सकाळ आठवते का? मी धुळ्याहून, देवपूरच्या हॉस्टेलवरून सुट्टीला आले होते. पेरणी चाललीय. तुम्ही बीटी कपाशीची थैली फाडता आणि आतून एक लहान पुडी खाली पडते. साध्या, बिनबीटी कपाशीचं बी. मी म्हणते, आबा, हे कडेच्या ओळींत पेरायचं असतं. बीटी खाऊन बोंडअळी मरते, पण एखादी उपजतच तगणारी निघते. तिचा पतंग साध्या कपाशीवर वाढलेल्या पतंगाशी जुळला, तर त्यांची पिल्लं बीटीवर मरतात आणि तगण्याचा तो गुण पसरत नाही. म्हणून थोडं पीक अळीसाठी सोडायचं. मजूर बाया हातातलं काम थांबवून ऐकत होत्या, तेच तुम्हाला झोंबलं. "मी काय अळ्यास्नी खानावळ उघाडेल शे का?" तुम्ही म्हणालात. बाया हसल्या. "चोपडं वाचीसन शेती व्हत नही, पोरी." आणि पुडी उकिरड्यावर भिरकावलीत.

आईनं ती उचलून आणली आणि गुपचूप कुंपणाच्या कडेला बी टोकलं. माझं विज्ञान तिला पटलं होतं असं काही नाही. मी विचारलं तर म्हणाली, "बी शे ते. उकिरडामा कसं टाकू?" रोपं वीतभर झाल्यावर तुमच्या ध्यानात आलं, आणि त्याच बायांसमोर तुम्ही ती आईच्याच हातानं उपटायला लावलीत. ती खाली मान घालून एकेक रोप उपटत होती. मी बांधावर उभी होते आणि माझे दात करकरत होते.

पुढे काही हंगामांनी गुलाबी अळी आलीच. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत अळी. पुडीचा विषय तुम्ही काढला नाहीत. ओट्यावर चार माणसं बसलेली असताना आईकडे बोट दाखवून म्हणालात, "हिना पाय वावरमा पडना अन् बठ्ठं नासनं." पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. तो शब्द मागे घ्यायचं तुम्हाला सुचलं नाही. आई अजून वावरात उतरत नाही, आबा. बांधापर्यंत येते, चप्पल काढते आणि तिथूनच बघते.

आता मी ज्या कॉलेजात शिकले तिथेच शिकवते. नैसर्गिक निवडीचा धडा आला की तुमचं नाव न घेता तुम्हाला वर्गात उभं करते. सांगते, सुरुवातीला बीटीवर तगण्याचा गुण मोजक्याच पतंगांत असतो. वाऱ्यावादळात तेच मेले, पाखरांनी टिपले, तर गुणही संपतो. तिथे नशिबाचा खेळ. पण शेतंच्या शेतं बीटीची झाली की बाकीच्या अळ्या मरतात, तगणाऱ्या तगणाऱ्यांशीच जुळतात आणि बघता बघता तो गुण घरोघरी होतो. मग खानावळीचं तुमचं वाक्य तुमच्याच आवाजात म्हणते. पोरं पोट धरून हसतात. त्या हसण्यानं मला बरं वाटतं, अगदी मनापासून बरं वाटतं. दरवर्षी मी त्या तासाची वाट बघते.

यंदा नरडाण्याची एक मुलगी हसली नाही. तिनं विचारलं, "मॅडम, त्या एकट्या माणसानं पुडी पेरली असती, तर अळी थांबली असती का?" मी म्हटलं, वेळ संपली, उद्या बघू. खरं तर तास संपायला बराच अवकाश होता. उत्तर मला ठाऊक आहे. पतंगाला बांध कळत नाही. आख्ख्या खानदेशानं ती पुडी फेकली, नाहीतर बी न उगवलेल्या जागी नांग्या भरायला वापरली. तुमच्या एका वावरानं अळी अडली नसती, आईच्या त्या रोपांनीही नाही.

आईला मी किती वेळा सांगितलं, तुझा पाय नव्हे, आबांचा हट्ट नडला. त्यावर ती म्हणते, "मेल्या मानूसले नको बोलू," आणि पुन्हा बांधावरच थांबते. तुमच्यावर ठपका येणार असेल, तर तिला सुटका नको आहे. 'कुणाचाच दोष नव्हता' एवढं एक वाक्य मी म्हटलं, तर कदाचित ती वावरात पाय टाकेल. पण त्या वाक्यानं तुम्हीही सुटता. हे पत्र मी तिला वाचून दाखवणार नाही. ते वाक्य अजून माझ्या तोंडून निघत नाही, आबा.