बाकाचे बिडाचे पाय

नागपूर, बुधवार, २९ मार्च १९७८

माझ्या अशिलाला, वसंताला, आज जामीन मिळाला, तरी माझं डोकं शांत नाही. होळीसाठी मोहल्ल्यातल्या पोरांनी बागेतला बाक उचलला. दरवर्षी कुणाचं ना कुणाचं फाटक जातंच, आणि होळीत गेलेल्या लाकडाची तक्रार कुणी करत नाही. आमच्या घरूनही त्याच होळीला पुरणपोळीचा नैवेद्य गेला होता. पण बाक पडला कमेटीचा, म्हणजे महापालिकेचा. नुसता मोडला असता तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा. जाळला, म्हणून सात वर्षांपर्यंत. मला कलमं पाठ आहेत. त्याला कशी समजावू?

आणि ते बिडाचे पाय! उचलणारे दहा-बारा जण होते, कुणाचंच नाव आलं नसतं. या शहाण्याने सकाळी राखेतून पाय काढले, धुतले आणि खांद्यावर घालून कमेटीच्या कचेरीत नेऊन दिले.

कोर्टाबाहेर मी चिडूनच विचारलं, "काहून नेले गा?"

"लाकूड होळीचं झालं, वकीलसाहेब. लोखंड तं कमेटीचंच ना?"

भंगारात विकले असते तर आज वाडीच्या गोदामात निवांत पोती उचलत असता. आता तेच पाय ठाण्यात मुद्देमाल म्हणून पडलेत. त्याच्याविरुद्ध दुसरा पुरावाच नाही. दमलो बुवा.

निघाला, आणि परत फिरला. मला वाटलं, शिक्षेचं विचारेल.

"नवा बाक बनवतीन तं ते पाय लागतीन, साहेब. गंजू देऊ नका म्हणा त्यायले."