बांधाजवळची कोरी जागा

१० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वसंतातल्या आपल्या शेताचं जलरंगातलं चित्र पाठवतोय. तुझ्या गावच्या महिनाअखेरच्या प्रदर्शनासाठी ते फोटोवरून निवडलंय, म्हणजे परीक्षकांचेही चष्मे बदलायला झाले असावेत. तेवढी काच-चौकट करून नेऊन दे. दाजींना म्हणावं, ही भिंत नव्हे, ठोकून बघू नका. कारकुनी संपल्यावर लागलेलं हे खूळ, पण एवढं एकच चित्र मला जमलंय. जपून ठेव.

माझ्या रंगांसारखी माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा


१४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चित्र पोचलं. सुंदर होतं. 'होतं' मुद्दाम लिहिलंय, बसून घे आणि मग पुढचं वाच.

मी बाजारात गेले होते. यांना चित्रात बांधाजवळ बोटभर जागा कोरी दिसली. जन्मभर लोकांची घरं रंगवलेला माणूस, भिंतीवर ठिपका सुटला तरी यांना जेवण गोड लागत नाही. मेहुण्याची अब्रू वाचवायची म्हणून दवाखान्याच्या फाटकाचा उरलेला हिरवा ऑइलपेंट काढला आणि चांगले दोन हात मारले. वर मलाच सांगतात, आता पाच पावसाळे रंग हलणार नाही. मग मी जे बोलले ते शेजाऱ्यांनीही ऐकलं.

तिथं काही काढायचं राहिलं होतं का रे? खरं सांग. जीव थाऱ्यावर नाही.

रागावलास तरी चार ओळी टाकत जा.

ताई


१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दाजींच्या हाताला सफाई आहे, अभिनंदन कळव.

जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत गं, कागदच कोरा सोडतात. ती आई होती. डोक्याला पांढरा रुमाल बांधून पिकात शिरणारी, पाठमोरी. ती गेल्यापासून काढत होतो. रंग लावला की दरवेळी भलतीच कुणी बाई व्हायची. या वेळी तिची जागा नुसती सोडली, आणि ती आली.

तुझं पत्र वाचून रडलो. दाजींना शिव्याही दिल्या, मोजून नाही. मग आठवलं, आई बांधावर थांबलीच कधी? आपण हाका मारायचो, ती उभ्या पिकातून ओ द्यायची. दिसायची नाही.

प्रदर्शनाला चित्र देऊ नकोस. तिथं लोकांना हिरवा डाग दिसेल. तुझ्या भिंतीवर लाव. त्या हिरव्यामागे कोण आहे, हे तुझ्या घरात कुणाला समजावावं लागणार नाही.

दाजींना आता बोलू नकोस. उरलेलं मी रविवारी येऊन बोलेन.

धाकटा