पाठीवरच्या पट्ट्याबाबत खुलासा

चि. बंधूस,

अनेक आशीर्वाद. तुझी आणि तुझ्या पत्नीची प्रकृती ठणठणीत असावी. निदान काल फोनवर तुझा आवाज ऐकल्यापासून तुझ्या फुप्फुसांची तरी मला काळजी उरलेली नाही. माझे गुडघे वयाला शोभतील असे आहेत. मुले सुखरूप आहेत, भरपूर जेवतात, आणि या क्षणी मोरीचे पाणी शेवटी कुठे जाते याचा अंगणात शोध घेत आहेत.

आता वस्तुस्थिती, आणि ती घडली त्याच क्रमाने. तू काल शेवटापासून सुरुवात केलीस, आणि शेवटापासून सांगू लागले की कोणताही शहाणा मनुष्य वेडा ठरतो. प्रथम, सुट्टी लागताच तुम्ही उभयतांनी मुले माझ्याकडे आणून सोडलीत. दुसरे, सोबत त्यांच्या कपड्यांची एक बॅग सोडलीत. तिसरे, त्या बॅगेतले कपडे जिवंत मुलांनी घालण्याजोगे नव्हते. चौथे, म्हणून मी नवे शिवून घेतले. पाचवे, त्या नव्या कपड्यांच्या आधाराने तुझा मुलगा परवा सकाळी काही काळ फाटकाला लटकला. सहावे, ही वार्ता त्याने स्वतःच तुला फोनवर दिली, ती अशी: "बाबा, आत्याकडे मला टांगतात." सातवे, शनिवारी येऊन दोघांनाही घेऊन जातो, असे तू जाहीर केलेस. यांपैकी पहिल्या सहा गोष्टी मला मान्य आहेत. सातवी नाही.

बॅगेपासून सुरुवात करू. तुझ्या पत्नीच्या अभिरुचीविषयी मला काहीही म्हणायचे नाही. (म्हणायचे ठरवले असते तर हे पत्र पार्सलने पाठवावे लागले असते.) परंतु तुझी कन्या पाच वर्षांची आहे, आणि ती एका जागी ठरत नाही म्हणूनच आपण सारे तिला भिंगरी म्हणतो. त्या भिंगरीसाठी पांढऱ्याशुभ्र जाळीचा फ्रॉक, त्याला झालर, आणि पाठीवर मोहरीएवढ्या बटणांची रांग! ती बटणे लावायला दुसरा माणूस लागतो आणि काढायला तिसरा; आणि भिंगरीला घाई लागते तेव्हा ती घाई तिसऱ्या माणसाची वाट पाहत नाही. तुझ्या चिरंजीवांची गोष्ट याहून बिकट. साडेतीन वर्षांचा तो मुलगा दिसेल त्या वस्तूला चिकटतो, म्हणून त्याला मुंगळा हे नाव पडले. त्याच्यासाठी मखमलीचा सूट! म्हणजे मुलगा चिकटणारा आणि कापडही चिकटणारे. पहिल्याच संध्याकाळी त्या सुटावर गवताची कुसळे, मांजरीचे केस आणि अर्धा बिस्किटाचा पुडा असा संग्रह जमला होता. असले कपडे पुतळ्यांना घालावेत. आणि पुतळ्यांवरही पक्षी बसतात, हे विसरू नये.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने गच्चीवरून येणाऱ्या पाण्याच्या नळात, आत कोण राहते ते पाहण्यासाठी, डोके घातले. डोके निघाले, झालर निघेना. मला झालर कापावी लागली. मुलगी कापावी लागली नाही, याचे श्रेय माझ्या तत्परतेला आहे. त्या फ्रॉकला नाही.

तुला ठाऊक आहे की मी उभे आयुष्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पदार्थांचे बल शिकवण्यात घालवले. कोणती वस्तू कुठे ताणली जाते, कुठे घासते आणि कुठे दगा देते, हे ओळखणे हा माझा व्यवसाय होता. तेव्हा आधी मी नुसते निरीक्षण केले. लहान मूल गुडघ्यावर झिजते, बैठकीवर झिजते, आणि (हे मलाही नवे होते) पोटावर सर्वाधिक झिजते, कारण ते उतारावरून पालथे घसरते. बाही हा त्याचा रुमाल असतो. आणि खिसा ही शोभेची वस्तू नव्हे. ज्या मुलाला खिसा नाही ते सापडलेली वस्तू तोंडात ठेवते. खिसा हा तोंडाला पर्याय आहे. हे तत्त्व मला कुठल्या ग्रंथात आढळले नाही. मुंगळ्याच्या गालात मला एक जिवंत गोगलगाय आढळली, तिच्यावरून ते सुचले.

मुलांचे कपडे शिवणारे शिंपी 'दिसेल कसं' एवढेच विचारतात, म्हणून मी त्यांच्याकडे गेले नाही. बाजाराच्या टोकाला एक कारागीर ट्रकच्या सीटा शिवतो, त्याच्याकडे दोघांना घेऊन गेले. त्याने आधी हात जोडले. "बाई, मी मुलांचं नाही शिवत. मी ट्रकचं शिवतो." मी म्हटले, मला ट्रकचेच हवे आहे, फक्त लहान. माप घेताना तो तीनदा भिंगरीच्या मागे दुकानाला फेरी मारून आला आणि धापा टाकत म्हणाला, "अहो, ट्रक निदान उभा तरी राहतो!" पण त्याने शिवले असे की मी शिवणीत नखसुद्धा घालू शकले नाही. जाड कापडाचे सैल डगले. गुडघ्यावर, बैठकीवर आणि पोटावर दुहेरी थर. पुढून एका हाताने उघडेल अशी मोठी बटणे. आणि खिसेच खिसे.

रंगाच्या बाबतीत मात्र माझ्याकडून अतिकाटेकोरपणा झाला, असे समोरच्या काकूंचे मत आहे. (त्या दिवसभर सज्जात बसतात; मतांखेरीज त्यांचे दुसरे उत्पादन नाही.) डाग दिसू नये म्हणून मी अंगणातली माती ओली आणि सुकी अशी दोन्ही घेऊन दुकानात गेले आणि बरोबर मधला रंग निवडला. निवड अचूक ठरली. इतकी अचूक, की त्याच दुपारी मुंगळा अंगणात दिसेनासा झाला. मी हाका मारल्या, विहिरीवरचे झाकण तपासले, आणि रस्त्यावर धावले. तो माझ्या वाफ्याशेजारी पालथा पडून मुंग्या पाहत होता. मी त्याला दोनदा ओलांडून गेले होते.

म्हणून पट्टा आला. दोन्ही डगल्यांच्या पाठीवर मी भगभगीत नारिंगी, रुंद पट्टा लावून घेतला, की मूल दुरून दिसावे. आणि तो मुठीत मावेल असा उंचावून शिवला, की नळ, खड्डा वा मोरी यांतून मूल काढताना बखोट धरून ओढावे लागू नये. ज्या वस्तूला वारंवार उचलावे लागते, तिला उचलण्याची सोय असावी, हे साधे तर्कशास्त्र आहे. पट्टा छातीवरून आणि मांड्यांखालून फिरवला आहे, म्हणजे भार गळ्यावर येत नाही. आधी त्यात विटांचे पोते टांगून पाहिले. तुझा मुलगा विटांच्या पोत्याहून बराच हलका आहे.

आता परवाची सकाळ. फाटकाच्या कमानीला, कंदील अडकवायचा एक जुना आकडा आहे. कमानीत एक कोळीण (आठ पायांची) जाळे विणत होती आणि मुंगळ्याला ते जवळून पाहायचे होते. त्याला स्टुलावर उभे करून, स्वतः भिंतीच्या कठड्यावर चढून, भिंगरीने त्याचा पट्टा आकड्यात घातला. मग खाली उतरून तिने स्टूल काढून नेले, कारण ते तिला दुसरीकडे हवे होते. काकू सज्जातून ओरडल्या, "अहो बाई, पोराला वाळत घातलंय की काय?" मी धावत आले. आणि हो, हेही त्याने तुला सांगितलेच आहे, की "आत्याने आधी शिवण पाहिली आणि मग मला पाहिलं." ते सत्य आहे. मुलगा हसत होता, त्यामुळे त्याची अवस्था उघड होती, शिवणीची नव्हती. शिवण तसूभरही सरकली नव्हती. मी त्याला उतरवू लागले तर तो म्हणाला, "थांब ना गं आत्या, तिचं अजून झालं नाहीये." आकडा काढून टाकण्याचा निर्णय त्याच सकाळी झालेला आहे.

तुझ्या पत्नीने मागून फोनवर म्हटलेले मला ऐकू आले: "ताईंना मुलं म्हणजे प्रयोगशाळेतले नमुने वाटतात." तिला सांग, प्रयोगशाळेत नमुना तुटेपर्यंत ताणतात. मी कापड ताणले, मुले तुटू नयेत म्हणून. ही मुले चढणार, घुसणार, घसरणार. मखमल घातली तरी करणारच, फक्त रडत करतील, कारण मखमल फाटली की घरी ओरडा बसतो हे त्यांना आता पाठ झाले आहे. येथे आल्यावर पहिले काही दिवस भिंगरी पडली की आधी फ्रॉक पाहायची आणि मग गुडघा. आता ती आधी पुढची फांदी पाहते. ही प्रगती तुम्ही शनिवारी बॅगेत भरून नेऊ नये.

सुट्टी संपेपर्यंत मुले येथेच राहतील. त्यांना माझी सवय लागेल, ही तुझी भीती निराधार आहे. (प्रश्न उलट बाजूने विचारलास तर उत्तर देण्यास मी बांधील नाही.)

तुझी,
ताई

ता. क. १: वर 'आकडा काढण्याचा निर्णय झालेला आहे' असे लिहिले ते अक्षरशः खरे आहे. अंमलबजावणी झालेली नाही. त्या आकड्याला कोळिणीने अंड्यांची पिशवी चिकटवली आहे. ती फुटेपर्यंत फाटक बंद आहे. दूधवाला, काकू आणि मी, सर्व जण मागच्या दाराने ये-जा करतो. मुंगळा रोज पाहतो, स्टुलावरून, आणि स्टूल मी धरते. ती केव्हा फुटेल ते मला सांगता येत नाही. पण शनिवारी नाही.

ता. क. २: सीटवाल्याकडे माझ्या मापाचाही एक डगला टाकला आहे. पट्टा नको असे बजावले होते. मुले म्हणाली, मग आत्या अडकली तर तिला कसं काढणार? तो मुद्दा बिनतोड होता.

ता. क. ३: उत्तर लेखी हवे. 'होय' एका शब्दाचे चालेल. 'बघू' हे उत्तर धरले जाणार नाही. 'नाही' असल्यास सकारण आणि सुवाच्य अक्षरात लिही, आणि ते घेऊन स्वतः ये. कारण ते या दोघांना वाचून दाखवण्याचे काम मी करणार नाही.