चिमीचा पत्ता

ताई,

चिमीला आज बसने पाठवू नकोस, तू स्वतः शाळेत सोड. काल थांब्यावर एका अनोळखी माणसाने तिला घरच्या नावाने हाक मारली आणि तिच्या मांजराची चौकशी केली. हे सगळं तिने त्या चित्रस्पर्धेच्या वेबसाइटवर भरलं होतं. माहिती काढून टाका म्हणून मी त्यांना लिहिलं, तर उत्तर आलं, "ती पुढे दिली गेली आहे, आता परत घेता येणार नाही." पोलिसांकडे निघालेय, पण काही होईल असं वाटत नाही.

चिमीला ओरडू नकोस. तिने मला विचारलं होतं, "मावशी, घरचा पत्ता लिहू का?" मी फोनमधून डोकं वर न काढता म्हटलं, "लिही गं."

धाकटी