पाण्यातल्या कॅमेऱ्याची बॅग

छोटे,

तुझी बॅग भरून ठेवलीय. बॅटऱ्या हातातल्या बॅगेत आहेत, मोठ्या बॅगेत टाकू नकोस. डायव्हिंगचा चाकू मात्र मोठ्या बॅगेतच. कॅमेऱ्याच्या पाणबंद पेटीची रबरी रिंग काढून वेगळी ठेवलीय, नाहीतर विमानातल्या हवेच्या दाबाने झाकण चिकटून बसतं.

मी विमानतळावर येत नाही. कान दुखतोय असं आईला सांगितलंय, पण खरं दुखतंय ते पोटात. कानाचा पडदा फाटला म्हणून माझं पाण्यात उतरणं बंद झालं, त्यात तुझा काय दोष? तरी माझ्या जागी तुला जाताना बघवत नाही.

माझा डायव्हिंगचा मास्क दिलेला नाही. मागूही नकोस.

फोटो इतक्यात पाठवू नकोस. पाण्यातून सुखरूप वर आलीस, एवढं मात्र रोज कळव.

ताई