दार लाव, आवाज बाहेर जातो

॥ श्री ॥
कतारगाम, सुरत
१२ ऑक्टोबर १९९६

चि. छायास,

दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे ठीक. पारशी डॉक्टरांकडून घेतलेली आपली पांढरी गाडी अजून धावते, पण तिचा कंपनीतून आलेला टेप अगदीच थकला. कॅसेट घातली की गाणारा झोपेत गातोय असं वाटतं. रेडिओ लावायचा तर बटण पिळून काटा सरकवावा लागतो. म्हणून दिवाळीच्या आत नवा जपानी टेप बसवून घेतो. त्यावर हिरवे आकडे चमकतात, आणि पुढची पट्टी काढून खिशात टाकता येते, म्हणजे चोराने हात घातला तरी त्याला भोकच मिळेल. बाबांना मुद्दाम सांगितलेलं नाही. सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच आहे.

आई गेल्यापासून बाबा रोज दिवेलागणीला गाडीत जाऊन बसतात. गाडी अंगणातच उभी, काचा वर, डोळे मिटलेले. भजनं ऐकत असावेत. तुझी वहिनी उषा त्याला ध्यान म्हणते. बॅटरी उतरते म्हणून मी कुरकुरतो, पण त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे काही असतं ते पाहून माघारी फिरतो.

अकोल्याहून इंदुआत्या आली आहे. तिचं गुजराती म्हणजे मराठीच, शेवटी 'छे' लावलेली. भाजीवाली रोज हसून बेजार होते.

बाबा तुझं नाव काढत नाहीत. मात्र हे पत्र टाकायला नेहमीप्रमाणे तेच जातील आणि पत्ता वाचतील, हे तुला ठाऊक आहेच. योगेशरावांना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
अविनाशदादा


जळगाव
१७ ऑक्टोबर १९९६

ती. दादास,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. लग्न होऊन इतके दिवस झाले, तरी तू मला नुसतं 'चि. छाया' लिहितोस. 'सौ.' लिहायला तुझी शाई संपते का? आडनावसुद्धा नाही, 'मारफत आकाशवाणी' लिहून मोकळा! मी रेडिओच्या घरी दिली आहे की काय, असं योगेश विचारतो. कळतं रे मला. पत्ता बाबा वाचतात, आणि तू पहिल्यापासून भित्रा.

संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम अजून माझ्याकडेच आहे. लाल दिवा लागला की खोलीत मी आणि माझा आवाज, दोघंच उरतो. बोलता बोलता मला वाटतं, आपला आवाज केळीच्या बागांवरून तापीत उतरला असेल आणि पाण्याबरोबर हळूहळू तुमच्याकडे निघाला असेल. नदी तर एकच आहे. मग चाऱ्याचे भाव येतात आणि मी जागी होते. लहानपणी मी 'च्यारा' म्हणायचे आणि बाबा जेवायचं ताट बाजूला सारून तो शब्द माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचे. मराठी शाळेच्या मास्तरांची मुलगी गुजराती 'च' बोलते, याची त्यांना केवढी लाज!

आणि त्याच बाबांनी, त्यांच्या मनाविरुद्ध योगेशशी लग्न करायला मी घरातून निघाले त्या दिवशी सांगितलं की, यापुढे तुझा आवाज या घरात ऐकायचा नाही. दादा, मला त्याचं फार दुःख आहे. नवा टेप बसला की सहज म्हणून जळगाव लावून बघशील? बाबा उठून गेले तर जाऊ देत. एकदा तरी त्यांनी मला ऐकावं एवढीच इच्छा आहे. आत्याला, वहिनीला नमस्कार. रागावू नकोस, लोभ कमी करू नकोस.

तुझी,
छाया


कतारगाम, सुरत
२४ ऑक्टोबर १९९६

चि. छायास,

अनेक आशीर्वाद. हसत लिहू की रडत, तेच कळत नाही.

सोमवारी मी बँकेत असताना टेपवाले हसमुखभाई घरी येऊन नवा टेप बसवून गेले. जाताना त्यांनी आत्याला सांगितलं की जुना टेप डिकीत 'मूकी दीधो' आहे. म्हणजे ठेवला आहे. आत्याला त्यात आपलं 'मुकणं' ऐकू आलं. तिने बाबांना सांगितलं की जुन्या टेपला आपण मुकलो, तो माणूस स्वतः कबूल करून गेला. बाबा खाली बसले. चहासुद्धा घेतला नाही. मग टोपी घातली आणि कुणाला न सांगता रिक्षाने हसमुखभाईंच्या दुकानावर गेले.

हसमुखभाईंनी त्यांना परत आणून डिकी उघडली. टेप फडक्यात नीट गुंडाळलेला होता. त्याच्या काचेवर काट्याच्या जागी जखमेला लावायच्या चिकटपट्टीचा इवलासा तुकडा लावलेला. बाबांनी नवा काढून जुनाच बसवायला लावला. माझा जपानी टेप आता कपाटात आहे! मी चिडून कारण विचारलं, तर म्हणाले, नवा दहा-दहा आकड्यांनी उड्या मारतो आणि माझं स्टेशन दोन आकड्यांच्या मध्ये पडतं. कोणतं स्टेशन म्हणून विचारलं तर म्हणाले, हवामान ऐकतो.

संध्याकाळी मी त्यांना चहाला बोलवायला गेलो आणि गाडीचं दार उघडलं. आत तू होतीस. खरखरत, लांबून, पण तूच. केळीचे भाव सांगत होतीस. बाबांनी रेडिओ बंद केला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. एवढंच म्हणाले की दार लाव, आवाज बाहेर जातो.

मी आत बसलो आणि दार लावलं. घरात ऐकायचा नाही म्हणाले होते ना, ते त्यांनी पाळलं आहे छाया. गाडी अंगणात असते.

तू चाऱ्यावर आलीस तेव्हा त्यांचे ओठ तुझ्याबरोबर हलले. वेडे, तू एकदा ऐकावं म्हणतेस!

तू मला भित्रा म्हणालीस ते खरंच आहे. आजही पाकिटावर तसाच पत्ता घातला आणि ते बाबांच्या टेबलावर ठेवतो आहे. आमची आठवण राहू दे.

तुझा,
दादा


जळगाव
२९ ऑक्टोबर १९९६

तीर्थरूप बाबांस,

छायाचा शिरसाष्टांग नमस्कार. दादाचं पत्र आज मिळालं. आत काय आहे ते वाचायला मला फार वेळ लागला, कारण मी पाकीटच बघत बसले होते. दादाने निळ्या शाईत 'चि. छाया' लिहिलं होतं. त्या दोन शब्दांच्या मध्ये, खालून काकपदाची खूण करून, लाल शाईत 'सौ.' घातलं आहे. वह्या तपासताना राहिलेला शब्द तुम्ही असाच घालायचात. आणि मागच्या बाजूला, कोपऱ्यात, 'चारा बरोबर. जनावर अजून गुजराती.'

बाबा, मी खूप रडले. योगेश घाबरला, मग त्यानेही पाकीट उलटसुलट करून दोनदा वाचलं.

'जनावर' मी रोज म्हणून बघते आहे. येत्या सोमवारी कार्यक्रम जनावरांच्याच लसीचा आहे, तेव्हा चुकले तर लगेच कळवा. दिवाळीनंतर आम्ही दोघं सुरतेला येऊ का? घरात यायचं नसेल तर गाडीत बसू. मागची सीट रिकामीच असते.

आत्याला सांगा, तिच्यामुळे मी काही मुकले नाही. तुमचा लोभ आहेच, तो काचा वर करून का होईना, असाच राहावा ही विनंती.

सोमवारी दार नीट लावून घ्या.

आपली,
सौ. छाया