चौघांचा सत्कार

इंदिरानगर, नाशिक

ती. आईस,

मैनाचा नमस्कार. लाडू पोचले. जेवते वेळेवर, झोपही होते, काळजी करू नकोस. चांदवडला कांदा काढून झाला का?

आज मात्र डोकं फिरलंय. गॅदरिंगमध्ये वर्गातल्या चार मुलांचा सत्कार झाला. कशाबद्दल? तर मला रोज व्हीलचेअरसकट उचलून दुसऱ्या मजल्यावर वर्गात नेतात म्हणून! शाल, नारळ, टाळ्या. मी काय विसर्जनाचा गणपती आहे? मुलं चांगली आहेत गं. पण खाली मोठी खोली रिकामी पडलीय, वर्ग तिथं भरवा, असं वर्षभर सांगतेय. प्राचार्यांचं एकच, "एकीसाठी सगळ्यांना कशाला हलवायचं?"

कार्यक्रम संपल्यावर आमचे कुलथे सर हळूच जवळ आले. म्हणाले, "मैना, पुन्हा अर्ज कर. माझ्या गुडघ्यांनाही जिना सोसत नाही."

"मग सर, तुम्हीच बोला ना!"

"अगं, बरं दिसत नाही. लाज वाटते."

आई, रोज अख्ख्या कॉलेजसमोर चौघं मला उचलून नेतात, आणि लाज सरांना वाटते! उद्या अर्ज देतेय. सही आधी त्यांची घेणार, मग माझी.

बाबांना नमस्कार सांग.

तुझीच,
मैना